उजेडाची चिठ्ठी आणि जिनिंगमधले मामू

"थांब जरा. बोलू दे त्याले."

मामू कुठेही शिरले की आधी हात टेकवायचे. भिंत असो, खाट असो, शेजाऱ्यांनी कालच आणलेला फ्रिज असो. उजवा तळहात पसरून ठेवायचे, डोळे मिटायचे आणि गप्प व्हायचे. आपण 'बसा' म्हणावं, पाणी पुढे करावं, तर ते डावा हात वर करून आपल्यालाच थांबवायचे. मग डोळे उघडून निकाल. माझ्या आईचं शिवणयंत्र एकदा टाके सोडायला लागलं, तेव्हाही असाच हात ठेवून ते म्हणाले, "हिले काही झालं नाही भाभी. जराकसं तेल द्या. अन् पाय लय रागात चालून राह्यला तुमचा." आई त्या दिवशी बाबांशी बोलत नव्हती, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या गल्लीतही असं एखादं माणूस असेल. त्याचा उपयोग आपण करून घेतो, त्याची थोडी थट्टा करतो, आणि ते काय होतं ते फार उशिरा कळतं.

मामू खामगावातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. बाबा नगरपालिकेत कारकून. हंगामात जिनिंगचा आवाज आमच्या घरात चोवीस तास असायचा, आणि होळीनंतर तो थांबला की आम्हाला दोन-तीन दिवस झोप यायची नाही.

मी लहानपणी त्यांच्या मागे लागून आत जायची. म्हणजे दारापर्यंतच. त्याच्या पुढे ते येऊ देत नसत. आत मशीनींची रांग. प्रत्येकीत चामड्याचे फिरते रोलर आणि त्यांना लागून पोलादी पातं. कापूस मधून जायचा, सरकी खाली पडायची आणि रुई पुढे निघायची. हवेत इतके तंतू तरंगत असत की समोरचा माणूस धुक्यातून आल्यासारखा येई. मामूंच्या केसांवर, भुवयांवर, दाढीवर रुई. ते म्हातारेच जन्मले असावेत असं मला बरीच वर्षं वाटत होतं. वरच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. दुपारी त्यांतून उन्हाच्या काठ्या तिरक्या आत उतरायच्या, आणि त्या काठ्यांमध्ये तंतू इतक्या सावकाश फिरायचे की मला उभ्याउभ्या गुंगी यायची.

"काय पाहून राह्यली?" मामू विचारायचे.

"उजेड."

"उजेड दिसत नाही, बेटा. उजेडात उडते ते दिसते."

पुढे मी पदार्थविज्ञान घेतलं ते या वाक्यामुळे, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की बारावीला गणितात गुण बरे पडले. पण प्रकाशाच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा तिथेही मला तीच गुंगी आली, एवढं खरं.

माणसांच्या बाबतीत मात्र मामूंचा तळहात दर वेळी बरोबर निघे असं नाही. मुलीसाठी स्थळं आली तेव्हा ते प्रत्येक मुलाशी हात मिळवून पाहत. पहिल्या दोघांचे हात थरथरले म्हणून त्यांनी नकार दिला. तिसऱ्याचा हात शांत लागला. लग्न झालं, मुलगी पुण्याला गेली. सहा महिन्यांनी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी बाबांना सांगितलं, "शांत पाहून देल्ली भाऊ पोरगी. तं निघाला आळशी." आणि स्वतःच खो खो हसले. मामी तेव्हा हयात होत्या. त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

नवं बीटी बियाणं आलं तेव्हाची पहिली वर्षं मला आठवतात. मोताळ्याकडून, पार लोणारच्या अंगाकडूनही गाड्या यायच्या. जिनिंगच्या फाटकापासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत ट्रॅक्टरांची रांग, आणि आवारात कापसाचे असे ढीग की संध्याकाळी त्यांच्यावर गुलाबी ऊन पडलं की डोंगरात आल्यासारखं वाटे. मामू तेव्हा घरी फक्त आंघोळीला येत.

मग बोंडअळी परत आली. या बियाण्याला ती लागणार नाही असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्याच शेतात आली. बोंड बाहेरून हिरवंगार, आत किडलेलं. अर्धवट उमललेली, डागाळलेली बोंडं वेचायला मजूर मिळेनात. कुणी उभं पीक उपटून सोयाबीन पेरलं, कुणी तेही नाही. मामू कापसाची मूठ हातात घेत आणि बोटांनी तंतू ओढून पाहत. "जान नाही राह्यली धाग्यात," एवढंच एकदा म्हणाले. रांग लहान होत गेली. एका वर्षी दिवाळीनंतर मशीनी सुरू झाल्या आणि संक्रांतीच्या आतच थांबल्या. पुढच्या वर्षी सुरूच झाल्या नाहीत. त्याच सुमारास मामी गेल्या. मुलीने मामूंना पुण्याला नेलं.

मी तेव्हा पुण्यातच एका संस्थेत संशोधन करत होते. फेलोशिप संपायला आठ महिने राहिले होते आणि प्रयोग चालत नव्हता.

प्रयोग काय होता ते थोडक्यात सांगते, कारण मामूंना सांगितलं तेव्हा त्यांना समजलं होतं. प्रकाशाचा एकेक सुटा कण असतो. त्याच्यावर आम्ही निरोप ठेवतो. ठेवायच्या तऱ्हा निरनिराळ्या. एक तऱ्हा अशी की कण उभा डोलतो की आडवा, यावरून निरोप ओळखायचा. दुसरी अशी की तो ठरल्या वेळेच्या आधी पोचतो की किंचित नंतर, यावरून. मोकळ्या हवेतून पाठवायला पहिली तऱ्हा बरी. पण मैलोगणती लांब काचेच्या तंतूत कण शिरला की उभा-आडवा हा भेद वाटेत विस्कटतो, आधी-नंतर हा भेद मात्र टिकतो. म्हणून मध्येच एका तऱ्हेतला निरोप दुसऱ्या तऱ्हेत बदलून घ्यावा लागतो. अडचण अशी की निरोप वाचायचा नाही. वाचला की तो मोडतो. शिवाय कण निव्वळ उभा किंवा निव्वळ आडवा नसतो, थोडा उभा आणि थोडा आडवा असा एकाच वेळी असतो. तो 'थोडा थोडा' जसाच्या तसा 'थोडा आधी, थोडा नंतर' व्हायला हवा.

त्यासाठी आम्ही एक डबा केला होता. आत स्फटिकाने उभं-आडवं वेगळं करायचं, एकाला जवळच्या वाटेने न्यायचं, दुसऱ्याला आरशांवरून दीड हाताचा फेरा घालायला लावायचा आणि शेवटी दोघांना एकाच वाटेवर आणायचं. हा फेरा केसाच्या शंभराव्या भागाइतका जरी लांबला-आखडला, तरी सगळं नातं बिघडे. आणि तो लांबत होता. रोज. सकाळी जुळवलेलं दुपारी हललेलं असे. माझे मार्गदर्शक सर शांत स्वभावाचे, पण त्यांनीही एक दिवस म्हटलं, "दुसरा सोपा विषय घेऊन प्रबंध संपवूया का?" घरून बाबांचा फोन यायचा, खामगावच्या कॉलेजात जागा निघाली आहे म्हणून. मी दोघांनाही 'बघते' म्हणायची.

ईदच्या दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. "मॅडम, एक म्हातारे बाबा आलेत. म्हणतात, आमची पोट्टी आत काम करते."

मामू होते. हातात शीरखुर्म्याचा डबा. रुई नसलेली त्यांची दाढी मी पहिल्यांदाच पाहिली. करडी होती. मी त्यांना आत आणलं. प्रयोगशाळेत दिवसाही अंधार, भिंतीला एक मंद लाल दिवा. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली. मी नको म्हटलं तरी काढली. आणि आमच्या हवेवर तरंगणाऱ्या भल्या थोरल्या पोलादी मेजावर तळहात टेकवला.

सर कोपऱ्यातून पाहत होते. मला थोडी लाज वाटली, हे आता कबूल करते.

"हे तं झोपलं हाये," मामू हळूच म्हणाले. "असं झोपलेलं लोखंड म्या जिंदगीत नाही पाह्यलं."

मी त्यांना निरोपाचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. "म्हंजे सरकी काढाची, पन रुई तुटू द्याची नाही?"

"नाही मामू. आमच्यात काहीच काढायचं नाही. जेवढं आलं तेवढंच पुढे जायला हवं."

त्यांनी मेजावरचा हात उचलून घेतला. मग म्हणाले, "चिठ्ठी एका लिफाफ्यातून दुसऱ्या लिफाफ्यात टाकाची. पन वाचाची नाही."

"हाव. तसंच."

"अन् बरोबर पडली, हे कसं समजते? वाचाची तं नाही."

सर उठून जवळ आले. हा प्रश्न विचारायला आमच्या नव्या विद्यार्थ्यांना दुसरं वर्ष उजाडतं. "आम्ही एकसारख्या हजारो चिठ्ठ्या पाठवतो," सर म्हणाले. "आणि त्या फक्त दुसऱ्या टोकाला उघडतो."

त्यानंतर मामू आठवड्यातून एकदा यायला लागले. मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना करमत नसे. तिथल्या मिक्सरपासून पंख्यापर्यंत सगळ्यांवर हात ठेवून झाले होते. आमच्याकडे ते एका स्टुलावर डोळे मिटून बसत. यंत्रं हळू गुणगुणत, लाल दिव्यात त्यांचा चेहरा झोपलेल्या लहान मुलासारखा दिसे. कधीकधी मला वाटे की मी अजून त्या दारातच उभी आहे, आणि हवेत काहीतरी सावकाश फिरतं आहे.

तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, "सडकेवरचे ट्रक. ते हालवून राह्यले तुया डब्याले." आमचा विश्वास बसला असं नाही, पण रस्ता रविवारी अगदी मोकळा असे, म्हणून तो सबंध रविवार आम्ही मोजमाप घेतलं. काही फरक नाही. मी त्यांना तसं सांगितलं. सांगताना माझा सूर बरा नसावा. फेलोशिप संपत आली होती आणि एक रविवार गेला होता. मामू उठले, चपला घातल्या आणि पुढचे तीन आठवडे आले नाहीत.

मीही फोन केला नाही.

चौथ्या आठवड्यात आले ते दारातच उभे राहून बोलले. "एक गोठ इचारतो. चुकली तं सोडून दे. सकाळी आली की आधी काय करतं तू?"

"झाकण काढते. आरसे जुळवते. मग झाकण लावून सगळं सुरू करते."

"सगळं म्हंजे?"

ज्या दुसऱ्या स्फटिकातून आमचे कण निघत, त्याला ऊब देणारी एक बोटभर भट्टी त्याच डब्यात होती. ती गरजेपुरतीच लावायची, ही माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने घातलेली रीत. स्फटिक महाग म्हणून. मी तीन वर्षं ती पाळत होते.

मामूंनी कपाळाला हात लावला. "म्हंजे थंडं असतानी माप घेतं, अन् गरम झाल्यावर काम करतं! रोलर असा बसवला असता ना म्या, तं शेठनं पहिल्याच दिवशी हाकललं असतं. रोलर गरम झाला का अंग फुगवते. आधी रिकामा फिरू द्याचा. त्याले त्याच्या गरमीवर येऊ द्याचं. मंग पातं लावाचं."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भट्टी लहान, तिचा परिणाम तो काय, असं आम्ही कधीतरी गृहीत धरलं होतं आणि नंतर त्याकडे पाहिलंच नव्हतं. पण डब्याचा तळ जाड धातूचा. त्याला ती ऊब मुरायला सबंध दिवस लागत असणार.

अडचण एकच होती. झाकण उघडल्याशिवाय आरसे जुळवता येत नाहीत, आणि उघडलं की ऊब जाते. मामूंनी ती पण सोडवली. वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी झाकणाला चार लहान खिडक्या कापल्या, कडा कानशीने घासल्या, प्रत्येकीला वरून पडणारी चामड्याची झडप लावली. आत फक्त बोट जाईल एवढी जागा. कानस चालवताना ते काहीतरी गुणगुणत होते. वर्कशॉपमधली माणसं काम सोडून त्यांचे हात पाहत होती.

दोन दिवस आम्ही डबा बंद ठेवला, सगळं चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी मी झडपेतून बोट घालून स्क्रू फिरवला. जुळणी दाखवणारी पडद्यावरची रेघ वर आली आणि तिथे थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कधी किंचित सरके, मी जरा फिरवलं की परत जागेवर येई. तासाभराने सरांनी दुसऱ्या टोकाच्या चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्या पोचल्या नव्हत्या. बऱ्याच वाटेत हरवल्या होत्या, त्या हरवतातच. पण ज्या पोचल्या त्या जशाच्या तशा होत्या.

मी रडले. मामूंना वाटलं काही बिघडलं. "काऊन रडून राह्यली बे ही?" त्यांनी थेट सरांनाच विचारलं. आमच्या सरांना 'बे' म्हणणारं दुसरं कोणी मी आजवर पाहिलं नाही.

त्या आठवड्यात सरांनी त्यांना वर्कशॉपमध्ये कामावर यायचं विचारलं. मुलीला फार आनंद झाला. मलाही. मामू नुसते हसले. सोमवारी ते आले ते कपड्यांची पिशवी घेऊनच.

"शेठचा फोन आलता. मशीनी विकल्या. तेलंगणातल्या एका पार्टीनं घेतल्या. खोलून द्या लागते, अन् तिकडं बसवून."

"तिकडची माणसं करतील की मामू."

"तोडून टाकतीन ते. तीस वरसाच्या मशीनी हायेत. कोन्ती कशी खोलाची हे कोनाले माईत?"

मी चिडले. वय बघा म्हटलं, मुलीचा विचार करा म्हटलं, इथे सावलीतलं काम आहे म्हटलं. शेवटी जे बोलायला नको होतं ते बोलले. "मशीनी तुमच्या थोड्याच आहेत? शेठच्या आहेत."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तुया उजेड कोनाचा हाये, बेटा?"

मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं. काम होतंही. प्रबंध लिहायचा होता. आपण स्वतःला जे कारण सांगतो ते बहुधा खरं असतंच, म्हणून तर ते सांगता येतं.

खामगावला त्यांनी दीड महिना घालवून मशीनी उतरवल्या, असं बाबा फोनवर सांगत. प्रत्येक तुकडा फडक्यात गुंडाळलेला. शेवटच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ते स्वतःही गेले. बाबा निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले होते. परत येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिले, असं आई म्हणाली.

मामू तिकडून परत आलेच नाहीत. हंगाम संपता संपता तिथेच, दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मुलगी-जावई जाऊन आले. तो 'आळशी' जावई रात्रभर कबरीपाशी बसून होता, असं तिने मला नंतर सांगितलं.

त्याआधीचा एक फोन तेवढा सांगायचा राहिला. आमचा लेख छापून आला होता. शेवटी आभाराच्या ओळीत मामूंचं पूर्ण नाव होतं, आणि ते नाव कसं लिहायचं यावरून मी छापणाऱ्यांशी दोनदा पत्रव्यवहार केला होता. मला ते सांगायचं होतं. आणि स्टेशनवर आले नाही त्याबद्दलही काहीतरी म्हणायचं होतं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून फोन लावला. सकाळचे अकरा वाजले असतील. उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता.

पलीकडे नुसता गडगडाट.

"मामू, मी बोलतेय!"

"कोन? हाव, हाव! आइकू येत नाही बेटा. आज सुरू केल्या. सगळ्या चालू हायेत. आइक!"

त्यांनी फोन मशीनकडे धरला असावा. आधी सगळा एकच आवाज आला, अंगावर येणारा. मग हळूहळू त्यातले आवाज सुटे होऊ लागले. रोलरची घरघर, पात्याची टकटक, खाली पडणाऱ्या सरकीचा पावसासारखा सडा. डोळे कधी मिटले ते मला कळलं नाही.

"आइकलं?"

"हाव मामू."

"तू काही म्हनत होती?"

"काही नाही. मागून सांगते."

"बरं, बरं," म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांनी खिशात टाकला. बंद करायचं विसरले. कापडात गुंडाळल्यासारखा आवाज येत राहिला. ते मशीनींच्या रांगेतून चालत होते. मध्ये थांबत, पुन्हा चालत. मग कुणाला तरी, ज्याला त्यांची भाषा येत नव्हती अशा कुणाला तरी, ते अगदी सावकाश, एकेक शब्द सोडवून समजावून सांगू लागले. काय ते मला ऐकू आलं नाही. पलीकडचा माणूस मध्येच मोठ्याने हसला, मग मामूही हसले. माझ्या पायाशी उन्हाचा चौकोन होता, फोन कानाला होता, आणि तो आपोआप बंद होईपर्यंत मी तिथेच उभी होते.